महाभारत कुठून सांगायला घ्यावं, आणि नायक कोणाला धरावं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. कणकवलीच्या बाजूला, गावच्या वाचनालयात पाच संध्याकाळी महाभारत सांगायचं तुम्ही कबूल केलंत. मग आदिपर्व उघडलंत आणि तिसऱ्या दिवशी मिटलंत. साप, यज्ञ, ऋषींची उतरंड, राजांच्या वंशावळी, आणि पांडवांचा पत्ता नाही. ताडून बघावं म्हणून इलियड या ग्रीक महाकाव्याचा अनुवाद घेतलात, तर तिथे नायक पहिल्याच सर्गात रुसून तंबूत जाऊन बसला. म्हणून विचारताय की सुरुवात कुठून करू, आणि नायक कोण.

आधी माझी लायकी सांगतो. मी पंडित नव्हे. सत्तावीस वर्षं दशावतारात, म्हणजे कोकणातल्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या नाटकात, पायपेटीवर बसलो. आमच्यात पेटीवरच्या सूत्रधाराला नाईक म्हणतात, तुमचा नायक तो नव्हे. गुडघे गेल्यापासून श्रावणात देवळात पोथी सांगतो. तेव्हा जे सांगेन ते बाकड्यासमोर बसलेल्या माणसांकडे बघून शिकलेलं आहे.

तुमची अडचण आदिपर्वाची नाहीच. तुम्ही कादंबरी किंवा सिनेमा वाचल्यासारखं महाभारत वाचताय. पुढे काय होणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक नाही, ते हळूहळू उलगडायचं, अशी तुमची समजूत आहे. जुनी महाकाव्यं नेमकी उलट बाजूने बांधलेली असतात. ऐकणाऱ्याला शेवट ठाऊक आहे असं धरूनच ती सुरू होतात, आणि ठाऊक नसेल तर आधीच सांगून टाकतात.

माझ्या उमेदवारीच्या काळातली गोष्ट. जत्रेत अभिमन्यूचं आख्यान लागलं होतं. आड दशावतार म्हणजे आख्यानाआधीचा भाग आटपला, त्यातला संकासूर लोकांना हसवून गेला, रात्रीचा एक वाजला. पुढच्या रांगेत एक म्हातारी गोधडी पांघरून बसलेली. मी पेटी सरकवताना सहज म्हटलं, आजी, झोपा आता, अभिमन्यू मरायला अजून तीन तास आहेत. ती म्हणाली, "अरे झिला, तो मरतलो तां माका म्हायत आसा. मरताना बोलता काय, तां आयकूक इलंय मी." तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर या वाक्यात आहे असं मला अजून वाटतं. आमच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा सगळ्यांना पाठ, बोलणं दरवेळी नवं. एकच कर्ण दोन गावांत दोन तऱ्हेने बोलतो आणि लोक दोन्ही गावांत जातात.

आता हेच मूळ ग्रंथात बघा. आदिपर्वाच्या पहिल्याच अध्यायात धृतराष्ट्राचा विलाप आहे. 'यदाश्रौषं' म्हणजे 'जेव्हा मी ऐकलं' असं म्हणत तो एकेक घटना सांगतो आणि प्रत्येक वेळी शेवट तोच, 'तदा नाशंसे विजयाय संजय', तेव्हाच मी विजयाची आशा सोडली. द्रौपदीच्या स्वयंवरापासून युद्धाच्या शेवटापर्यंत सगळं तिथे येऊन जातं. कथा सुरू व्हायच्या आधी हरलेल्या बाजूचा म्हातारा ती संपवून टाकतो! रामायणात तसंच आहे. वाल्मीकी नारदाला विचारतात, 'को न्वस्मिन् साम्प्रतं लोके गुणवान् कश्च वीर्यवान्', आज या जगात गुणवान आणि वीर्यवान असा कोण आहे? म्हणजे तुमचाच प्रश्न, नायक कोण. नारद पहिल्याच सर्गात अख्खं रामायण थोडक्यात सांगून मोकळे होतात आणि पुढचे सात कांड त्या उत्तराचा विस्तार होतात.

सगळ्यात सुंदर नमुना युद्धपर्वांत आहे. भीष्मपर्वात संजय दहा दिवसांची लढाई बघून हस्तिनापुरात परततो आणि धृतराष्ट्राला पहिली बातमी देतो ती भीष्म पडल्याची. राजा कोसळतो, रडतो, आणि मग विचारतो: कसे पडले? तिथून कथा मागे जाते आणि पहिल्या दिवसाची सकाळ उजाडते. गीता येते ती या मागे गेलेल्या कथेत. 'धर्मक्षेत्रे कुरुक्षेत्रे' म्हणणाऱ्या आंधळ्या बापाला भीष्म शरशय्येवर आहेत हे कळलेलं आहे! हे ध्यानात ठेवून तो श्लोक म्हणून बघा, आवाज आपोआप खाली येतो. द्रोणपर्व, कर्णपर्व, शल्यपर्व, तिन्हींत हीच रीत. आधी सेनापती पडल्याची बातमी, मग कसा पडला ते. आम्ही पेटीवाले याला आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दाखवून मग आलाप घेणं म्हणू.

इलियडचा कवी होमरही याच वाटेचा. इलियड सुरू होतं ट्रॉयच्या युद्धाच्या दहाव्या वर्षी आणि संपतं ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याच्या अंत्यविधीवर. लाकडी घोडा त्यात नाही. तंबूत रुसलेल्या नायकाचा, अकिलीसचा मृत्यूही नाही, फक्त तो येणार हे सतत सांगितलेलं आहे. (टाचेत बाण लागण्याची गोष्ट होमरची नव्हे, ती पुढच्या काळातली. मुलं हमखास विचारतात म्हणून सांगून ठेवतो.) ग्रीक मूळ काव्याचा पहिला शब्दच 'क्रोध'. दहा वर्षांचं युद्ध सांगायचंच नाही, एका माणसाचा राग कसा पेटला आणि कसा विझला तेवढंच सांगायचं. अ‍ॅरिस्टॉटलने होमरची तारीफ केली ती याच कारणासाठी, की त्याने सगळं युद्ध अंगावर न घेता एक तुकडा निवडला. होमरच्याच ओडिसीत तर नायक ओडिसियस पहिल्या चार सर्गांत समोर येतच नाही. समुद्रावरची भटकंती नवव्या ते बाराव्या सर्गात, परक्या राजाच्या जेवणावळीत तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. त्याच्या आधी तिथला आंधळा गायक ट्रॉयची गाणी म्हणतो आणि हा पाहुणा तोंडावर वस्त्र ओढून रडतो. रामायणातही कुश-लव रामाची कथा रामासमोरच गातात. कथा ज्याची, तोच श्रोता. ही खेळी दोन्हीकडे आहे.

आता सापांकडे येऊ, कारण तुम्ही तिथेच अडकलात. सूत, म्हणजे कथेकरी, नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना जी कथा सांगतो ती वैशंपायनाने जनमेजयाला सांगितलेली. जनमेजय म्हणजे अर्जुनाचा पणतू. त्याचा बाप परीक्षित तक्षकाच्या दंशाने मेला, म्हणून तो जगातले सगळे साप जाळायला बसलाय. आणि तक्षकाचं वैर कुठलं? अर्जुन आणि कृष्णाने खांडववन जाळलं तिथलं. म्हणजे पणजोबाने लावलेली आग पणतूच्या यज्ञकुंडात पोचली आहे, आणि त्या कुंडाशेजारी बसून तो आपल्याच कुळाच्या संहाराची कथा ऐकतोय. शेवटी आस्तिक येऊन यज्ञ थांबवतो. तेव्हा सापांची गोष्ट सुरुवातीला येत असली तरी ती साखळीची शेवटची कडी आहे. हे एकदा दिसलं की आदिपर्व कंटाळवाणं राहत नाही. वंशावळी मात्र खुशाल गाळा, मीही गाळतो.

वनपर्वातल्या आडवाटांनीही लोक वैतागतात. पांडव वनवासात आणि मध्येच नळ-दमयंती कशाला? जरा बघा, ती कोण कोणाला सांगतोय. बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात, तो विचारतो की माझ्याहून दुर्दैवी राजा कोणी झाला का, तेव्हा. नळही द्यूतात राज्य हरलेला. नळाला पुढे ऋतुपर्णाकडून फाशांची विद्या मिळते आणि गोष्ट संपल्यावर बृहदश्व तीच विद्या युधिष्ठिराला देतात. सावित्रीची कथाही अशीच, द्रौपदीचं हरण होऊन ती परत आल्यावर मार्कंडेय सांगतात. आडवाट असते ती आतल्या श्रोत्याच्या दुखण्यावर औषध म्हणून. तुमच्या पाच दिवसांत एखादं उपाख्यान घेणार असाल तर ते कोणाला, कोणत्या घटकेला सांगितलं, एवढं सोडू नका. ते सुटलं की गोष्ट सुटी पडते.

आता नायक. इथे माझं मत आहे, आणि ते सगळ्यांना पटत नाही. माझ्या लेखी महाकाव्याला नायक नसतो, आख्यानाला असतो. अठरा पर्वांना एक नायक शोधलात तर अर्जुन म्हणावं तर तो अर्ध्या कथेत गप्प, कृष्ण म्हणावं तर त्याला गमावण्यासारखं काही नाही, युधिष्ठिर म्हणावं तर मुलं जांभया देतात. (युधिष्ठिर मला स्वतःला फार आवडतो, पण तो चाळिशीनंतर कळतो.) एका रात्रीपुरता मात्र नायक नक्की सापडतो. तो बलवान असलाच पाहिजे असं नाही, चांगला असलाच पाहिजे असंही नाही. ज्याच्यासमोर दोन वाटा आहेत, दोन्हींची किंमत ज्याला ठाऊक आहे, आणि तरी जो एक धरतो, तो त्या रात्रीचा नायक.

या कसोटीवर लावून बघा. अकिलीसला त्याच्या देवी आईने सांगितलेलं आहे: इथे लढलास तर लवकर मरशील पण कीर्ती राहील, घरी गेलास तर म्हातारा होशील पण नाव पुसलं जाईल. ओडिसियसला कॅलिप्सो ही देवता अमरपण देऊ करते, तो म्हणतो मला घरी जायचंय. आणि कर्ण. उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर कृष्ण त्याला रथात घेऊन सांगतो, तू कुंतीचा थोरला, ये, राज्य तुझं. कर्ण नाही म्हणतो. आपली बाजू हरणार हे त्याला कळतंय, तसं तो बोलूनही दाखवतो. वर कृष्णाला विनवतो की हे युधिष्ठिराला सांगू नकोस, कळलं तर तो राज्य घेणार नाही, आणि मला मिळालं तर मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. या प्रसंगी मी पेटीवर सूर धरून नुसता थांबायचो, पद घालत नसे. लोकांना रडायला जागा लागते.

पण कर्णाच्या बाबतीत तुम्हाला एक इशारा देतो, कारण आपल्याकडे कादंबऱ्यांनी आणि आमच्या नाटकांनीही त्याला फार धुऊन काढलाय. द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने बोलणाऱ्या विकर्णाला गप्प करणारा कर्णच, द्रौपदीला घाणेरडा शब्द वापरणाराही कर्णच, आणि वस्त्रं काढ असं दुःशासनाला सांगणाराही तोच. एकदा आमच्या कर्णाने जत्रेत स्वतःची कैफियत इतकी रंगवली की समोरची द्रौपदी झालेला नट पदर सावरत शांतपणे म्हणाला, "अंगराज, त्या दिवशीचं तेवढं वगळलंत." मंडपात क्षणभर टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. संहिता नसण्याचा हा फायदा. कर्णाला नायक करा, पण ते वगळू नका. दुर्योधनाबद्दलही ग्रंथ असाच चोख आहे. मांड्या फुटून पडलेला तो कृष्णाला सांगतो की मी राज्य केलं, दान दिलं, समोरासमोर लढून मरतोय, माझ्याहून चांगला शेवट कोणाचा? आणि वरून त्याच्यावर फुलं पडतात. ग्रंथकाराला लाज वाटत नाही. आपल्याला वाटते म्हणून आपण ती फुलं गाळतो.

विशेषणांचंही विचारलंत, की 'महाबाहो', 'परंतप', 'नरव्याघ्र' यांचा इतका मारा का. ते तोंडी परंपरेचं सामान आहे. अनुष्टुभाच्या आठ अक्षरी चरणात राहिलेली जागा भरायला हाताशी असलेले तुकडे. होमरचा अकिलीस तंबूत बसलेला असतानाही 'चपळ पायांचा'च असतो. मिल्मन पॅरी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९३३ ते १९३५ मध्ये युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांची गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यातल्या एकाने बारा हजारांच्या आसपास ओळींचं काव्य रचत रचत तोंडी सांगितलं, जवळपास ओडिसीएवढं. आम्हाला त्याचं नवल वाटत नाही. आमच्या नटाकडेही 'हे भूपते, आज या राजसभेत' असली दोन-चारशे वाक्यं तयार असतात, ती म्हणताना तो पुढचं जुळवत असतो. तुम्हाला ती विशेषणं बोलताना नकोत. एखादं ठेवा, चवीपुरतं.

कोणती प्रत वाचावी? पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून केलेली, १९१९ मध्ये सुरू होऊन १९६६ मध्ये पुरी झाली. परंपरेने लाख म्हटलेले श्लोक तिथे सुमारे पंचाहत्तर हजारांवर आले. तिच्यावरून समजतं की आपण मूळ मानतो त्यातलं बरंच लोकांनी नंतर प्रेमाने घातलेलं आहे. अभिमन्यूने चक्रव्यूह आईच्या पोटात ऐकला, ही गोष्ट घ्या. द्रोणपर्वात तो स्वतः म्हणतो की व्यूह फोडण्याची युक्ती मला वडिलांनी शिकवली. पण मी देवळात पोटातलीच गोष्ट सांगतो. समोर गरोदर सुना बसलेल्या असतात, त्यांना ती हवी असते. कोण काय म्हणतं याचा हिशेब तुम्ही तुमच्यापुरता ठेवा.

तर पाच संध्याकाळी. इथे बरंच काही समोर कोण बसतंय यावर आहे. माझ्या म्हातारीला कथा पाठ होती, आजच्या मुलांना नसते. त्यांना मालिकेतले चेहरे आठवतात, क्रम आठवत नाही. म्हणून पहिल्या दिवशी नारदाने केलं तेच करा. दहा मिनिटांत सगळं सांगा, कोण मरतं ते धरून, काही राखून ठेवू नका. मी पहिल्या वर्षी हे केलं नाही. शंतनूपासून क्रमाने धरली, चौथ्या दिवशी सत्यवतीपाशी होतो, आणि ऐकायला पुजारी उरला होता, तोही कुलूप लावायचं म्हणून. दहा मिनिटांनंतर जनमेजयाचा यज्ञ सांगा. दुसऱ्या दिवशी द्यूतसभा, आणि त्या रात्रीचा नायक द्रौपदी. तिचा प्रश्न, की राजाने आधी स्वतःला हरवलं की मला, तो नीट मांडा आणि मुलांनाच उत्तर द्यायला लावा. भीष्मालाही आलं नव्हतं. अगदी लहान मुलं असली तर वस्त्रहरण थोडक्यात आटपा, प्रश्न ठेवा. तिसरा दिवस कर्णाचा, आधी कृष्ण, मग नदीकाठी कुंती. चौथा अभिमन्यू. फक्त मोठी माणसं असतील तर चौथ्याला मी अश्वत्थामा आणि ती झोपेतली कत्तल घेईन, पण ती रात्र मुलांची नव्हे.

चित्रं हवी असतील तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जाऊन या. तिथली ठाकर मंडळी चित्रकथीच्या पोथ्या दाखवतात, एकेक चित्र पुढे धरून कथा गातात. त्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. एक चित्र किती वेळ समोर ठेवायचं आणि कधी पालटायचं, हे बघण्यासारखं आहे. तुम्हाला पडद्यावर चित्रं दाखवायचा मोह होईल, आमच्यातही हल्ली ट्रिकसीनचा मोह होतो. राक्षसाच्या तोंडातून धूर निघतो आणि लोक टाळ्या देतात, पण मग तो काय बोलला ते घरी जाऊन कोणी सांगत नाही.

पाचव्या दिवशी स्त्रीपर्व. युद्ध संपलंय, गंगेत उतरून सगळे मेलेल्यांना पाणी देताहेत, आणि कुंती मुलांना म्हणते, कर्णालाही द्या, तो तुमचा थोरला भाऊ. आपल्याकडच्या माणसाला तर्पण समजावून सांगावं लागत नाही, ते त्याने नदीत नाहीतर समुद्रात उभं राहून केलेलं असतं. कुंतीचं ते वाक्य झालं की थांबा. स्वर्गारोहणापर्यंत ओढू नका, कोणी विचारलं तर दुसऱ्या दिवशी चहाला बोलवा. मात्र चहा-प्रसाद वाटणाऱ्याला आधीच बजावून ठेवा, कुंती बोलल्यावर निदान पाच मिनिटं पातेल्याचा आवाज करायचा नाही. माझ्याकडे दोन वर्षं तिथेच वाढायचा डाव खणकन पडला होता.